जोंधळ्यांची ओटी

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या देवळाच्या ओवरीत मी धान्य निवडायला बसत असे, तेव्हाची ही हकीकत. लिहायला बसले आहे खरी, पण कितपत जमेल ठाऊक नाही. वडील धाकट्या भावाला शिकवायचे तेव्हा मलाही जवळ बसवून घ्यायचे. बाराखडी झाली, जोडाक्षरं झाली, थोडे पाढे झाले. मग लग्न झालं आणि शिकणं तिथंच थांबलं. पुढे सासर सुटलं, मी भावाच्या घरी परत आले. घरात जुने कागद पडलेले असत, त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी मधूनमधून काहीबाही लिहायची, म्हणून सवय अगदीच मोडली नाही.

बोलण्याचं मात्र मला कधी साधलं नाही. चार माणसं समोर असली की शब्द घशापर्यंत येत आणि तिथंच बसत. वहिनी म्हणायची, "वन्सं जेवल्या की नाही हे त्यांच्या ताटाला विचारावं लागतं." ती दुष्टपणानं म्हणायची नाही. खरंच तसं होतं.

त्या वर्षी मृगात थोडा पाऊस पडून गेला आणि पुन्हा फिरकला नाही. दसरा होईपर्यंत बाजारात धान्याची पोती कमी दिसू लागली आणि आसपासच्या गावांतली माणसं पुण्यात येऊ लागली. ब्राह्मणांच्या पंगती ठिकठिकाणी उठत होत्याच. बाकीच्यांसाठी आमच्या पेठेतल्या एका सावकारांनी देवळाच्या ओवरीत सदावर्त घातलं. तिथं शिजवलेलं काही नसे, कोरडा शिधा असे. शिजवलेलं म्हटलं की कुणाच्या हातचं कोण खाणार हे आलं. कोरडं धान्य कुणीही कुणाकडून घेतं आणि आपल्या चुलीवर रांधतं. सोमवारी आणि शुक्रवारी सकाळी जोंधळे, मूठभर तूरडाळ आणि मिठाचा खडा, असं एकेकाला मिळे.

निवडायला, पाखडायला बायका हव्या होत्या. भावानं घरी येऊन सांगितलं आणि वहिनी म्हणाली, "वन्सं जातील. तिथं बोलावं लागत नाही." मी गेले. पहिल्याच दिवशी मला ती जागा आवडली. ओवरीत सकाळचं ऊन तिरपं येई, पाखडताना कोंडा त्यात उडे. शेजारणींच्या गप्पा चालत आणि मी नुसती ऐकत बसे. सूप हातात असलं की बाईला कुणी बोल म्हणत नाही.

पुढे पुढे धान्य वाटायचं कामही माझ्याकडे आलं. पुरुषांना कोठीचा गडी माप घाली, बायकांना बायकांनी घालायचं. मी सोवळ्यातली विधवा, तेव्हा सुपातून वरून पदरात ओतायचं, शिवायचं नाही. ते मला सोपं होतं. मान खाली घालून ओतायचं. समोर येतात ते पदर, चेहरे बघायचं कारण नाही.

सगळ्यावर देखरेख सावकारांच्या बायकोची असे. आम्ही सगळ्या त्यांना काकू म्हणायचो. गोऱ्या, स्थूल, नाकात ठसठशीत नथ, आणि जिभेला धार. एकदा माझ्या सुपाकडे बघून म्हणाल्या, "देवानं तुला जीभ दिली आहे ती दात मोजायलाच वाटतं." बायका हसल्या. मीही हसले, पण पदराआड.

ओवरीच्या तोंडाशी एक कारकून बसत. उंच, वाळके, सदा कपाळाला आठी. माणूस वाईट नव्हता. धान्य थोडं आणि माणसं फार, त्यामुळे 'नाही' म्हणायचं काम त्यांच्या वाट्याला आलं होतं, आणि रोज 'नाही' म्हणून म्हणून त्यांची बोली तिरकस झाली होती. सावकारांनी त्यांना नियम घालून दिला होता: कमावता माणूस घरात असेल त्यानं रांगेत येऊ नये. म्हातारे, पांगळे आणि विधवा, एवढ्यांनाच शिधा. कारकून बायकांच्या कपाळाकडे बघत. कपाळ मोकळं असेल तर पुढे, कुंकू असेल तर घरी.

मार्गशीर्षात एका सोमवारी वारज्याची एक बाई आली. तिशीच्या आतलीच असेल. रापलेली, हाडापेरानं मोठी, अंगावर विटकं लुगडं आणि कपाळावर मेणावर बसवलेलं रुपयाएवढं कुंकू.

"घरधनी?" कारकुनांनी विचारलं.

"हाय जी. स्वारीवर गेल्यात. नर्मदेपल्याड."

"वा. मग लूट घेऊन येतील. तेव्हा आम्हालाच शिधा घाल."

रांगेतले दोघे-चौघे हसले. ती हसली नाही आणि हललीही नाही.

"दोन वर्सं झाली, कायबी निरोप न्हाई. पोरं हाईत दोन. सासूला दिसत न्हाई. रानात काय बी उगवलं न्हाई."

"अगं बाई, एवढं कुंकू मिरवत निराधारांच्या रांगेत उभी राहतेस? ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी आहे हे. तुझं आहे ना कुणी? मग देवाला हात जोड आणि बाजूला हो. पुढची येऊ दे."

ती बाजूला झाली. जाताना तिनं ओवरीकडे पाहिलं, जोंधळ्याच्या राशीकडे, आणि गेली. मी सूप धरून बसले होते. हातातले दाणे नुसतेच वरखाली होत राहिले.

त्यानंतरच्या शुक्रवारी ती पुन्हा आली. मी तिला लगेच ओळखलं नाही. बायकांच्या रांगेत एक मोकळं कपाळ पुढे आलं. कारकुनांनी विचारलं, "कधी गेला?"

"पावसाळ्यात, जी."

"नवीच आहेस म्हणायची. जा पुढं."

तिनं माझ्यासमोर पदर पसरला, आणि पदर पसरायला दोन्ही हात वर येताच आतून काचेच्या बांगड्या वाजल्या. मी वर पाहिलं. बांगड्या कोपराकडे सारून त्यावर लुगडं घट्ट लपेटलं होतं. कपाळाच्या मध्यावर गोल जागा होती, बाकीच्या कातडीहून उजळ. वर्षानुवर्षं कुंकवाखाली झाकलेली जागा तशीच राहते. तिच्या कडा लाल झाल्या होत्या. मेणावरचं कुंकू नुसत्या पाण्यानं निघत नाही, राखेनं घासावं लागतं.

बांगड्या पुन्हा किणकिणल्या. कारकून चार हातांवर होते. मी सूप एकदम तिरकं केलं आणि सगळे जोंधळे एका झोकात ओतले, म्हणजे त्यांच्या आवाजात दुसरं काही ऐकू जाऊ नये. थोडे दाणे खाली सांडले. कारकून ओरडले, "अहो, धान्य आहे ते, रांगोळी नव्हे!" मी मान खाली घातली. तिनं सांडलेले दाणे वेचले आणि निघून गेली.

वाटप संपल्यावर मी हातपाय धुवायला देवळामागच्या हौदावर गेले. ती तिथं भिंतीशी उकिडवी बसली होती. शिध्याचं गाठोडं मांडीवर, आणि कमरेच्या गाठीतून काढलेली मेणाची गोळी अन् कुंकवाची पुडी हातात. मला पाहताच दचकली.

"कुनाला सांगू नका, बाई."

मी नाही म्हणून मान हलवली.

"तुमास्नी बोलता येत न्हाई का?"

"येतं," मी म्हटलं. ती रडत होती, तरी त्या उत्तरावर तिला हसू आलं.

मग डोळे पुसून ती बोलत राहिली. माझ्यासारख्या गप्प माणसाजवळ लोक पुष्कळ बोलतात. म्हणाली, "पुसताना मी त्यांस्नी सांगितलं बगा. म्हनलं, धनी, ह्ये पोरांसाटी हाय, तुमी मनात धरू नगा, तिकडं नीट ऱ्हावा. पर रांगंत तोंडानंच म्हनले, गेले म्हनून. तुमीच सांगा बाई, लागत आसंल का वो ते त्यांस्नी? बायकोनं आसं म्हनलेलं?"

माझ्या सासरी मला पांढऱ्या पायाची म्हणत. मी काय म्हटल्यानं, काय केल्यानं माझा नवरा गेला, हे मला कुणी सांगितलं नाही, पण माझ्यामुळे गेला हे मात्र सगळ्यांनी सांगितलं. लागतं की नाही, हे मलाच कुणाला तरी विचारायचं होतं.

तिच्याजवळ आरसा नव्हता. हौदाचं पाणी हलत होतं. मी माझा तांब्या काठोकाठ भरून दोन्ही हातांत तिच्यासमोर धरला. कुंकवाला मला हात लावता येत नव्हता, पण तांब्या धरायला काय हरकत होती? तिनं त्यात वाकून पाहिलं, मेण चोळलं, बोटानं कुंकू गोल बसवलं. पाणी हलू नये म्हणून मी श्वास धरून उभी होते.

पुढच्या सोमवारी ती तशीच आली, त्यापुढच्या शुक्रवारीही. प्रत्येक वेळी कपाळाची कड अधिक लाल. आणि प्रत्येक वेळी हौदावर तोच प्रश्न, कधी बोलून, कधी नुसता डोळ्यांनी. उपाशी राहावं तर पोरं जातील, शिधा घ्यावा तर नवरा, अशी तिची समजूत झाली होती. अंगानं वाळली नव्हती एवढी ती मनानं वाळत चालली होती.

मी रात्रंदिवस तेच घोळवत बसले. कारकुनांना सांगावं तर नियम मोडल्याबद्दल तिचा शिधाच बंद. माझ्या घासातलं द्यावं तर एका विधवेचा घास तो केवढा, त्यात चार माणसांचं काय होणार? आणि एके दिवशी वहिनी शेजारच्या माहेरवाशिणीची ओटी भरत होती. मी रीतीप्रमाणे आतल्या खोलीत बसले होते आणि दारातून दिसत होतं. तेव्हा मनात आलं, सवाष्णीची ओटी भरताना तिला कुणी विचारत नाही, तुझा नवरा कुठं आहे, काय कमावतो. कपाळावर कुंकू आहे एवढं पुरे. किंबहुना कुंकू असेल तरच ती भरायची. आणि समोर आलेली ओटी कुणी नको म्हणत नाही. त्यात मागणं नाही, उपकार नाही.

पण ओटी सवाष्णीनंच भरायची. माझ्या हातची कुणाला चालणार?

म्हणजे काकूंना सांगायचं. मी दोन दिवस शब्द जुळवले. पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "जोंधळ्यात खडे फार आहेत."

"मग वेच," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा त्याच म्हणाल्या, "आज काय? डाळीत?" मी परत फिरले. एखाद्या कागदावर लिहून द्यावं असंही मनात आलं, पण काकूंना वाचता येत नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाकडून वाचवून घेतलं असतं तर सगळ्या पेठेला कळलं असतं.

गुरुवारी दुपारी ओवरीत काकू एकट्याच होत्या, पोत्यांची तोंडं शिवलेली तपासत. मी खांबाला धरून उभी राहिले आणि खांबाकडे बघतच बोलले.

"ती वारज्याची आहे ना, तिचा नवरा जिवंत आहे. शिध्यासाठी कुंकू पुसून येते."

काकूंचा हात थांबला. "कारकुनाला ठाऊक आहे?"

"नाही."

"मग मला कशाला सांगितलंस? आता खोट्यात मीही आले."

मला वाटलं, झालं, आपणच तिचा घास काढला. आणि त्या भीतीनंच की काय, पुढचं तोंडातून निघालं. "ओटी."

"काय ओटी?"

"सवाष्णीची ओटी भरायला कारकुनाला विचारावं लागत नाही. पण मला भरता येत नाही. तुम्हाला येते."

काकूंनी हातातलं पोतं सोडलं. मग म्हणाल्या, "ओटीला तांदूळ कुठून आणू? वर्ष कसलं आहे बघतेस ना?"

"जोंधळे चालतील."

"जोंधळ्यांनी ओटी? कुणाच्या घरची रीत ही?"

"तिच्या रानात तेच पिकतं."

"बरंच बोलता येतं की तुला," काकू म्हणाल्या, आणि पोत्याकडे वळल्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "उद्या घेऊन ये. पण कुंकवासकट आण. पुसून आली तर माझ्याकडे आणू नकोस. मोकळ्या कपाळाची ओटी भरायची छाती नाही माझी."

शुक्रवारी मी उजाडताच हौदावर जाऊन बसले. तिला गाठायला हवं होतं ते तिनं कपाळाला राख लावायच्या आत. थंडी मरणाची होती. बायका पाणी भरून जात होत्या, माझ्याकडे बघत होत्या. सकाळी पहिल्यांदा विधवेचं तोंड दिसलं म्हणून एकीनं घागर तिथंच ओतली आणि परत भरायला गेली. एरवी मी उठून गेले असते.

ती आली ती दुसऱ्या अंगानं, आणि मला दिसली तेव्हा तिनं मूठ उघडून राख ओली केलीही होती. हात कपाळाकडे चालला होता. मी धावले. सोवळं, शिवाशिव, काही मनात आलं नाही. मी तिचं मनगट धरलं.

"पुसू नका!"

माझा आवाज एवढा मोठा निघाला की हौदावरच्या सगळ्या बायकांनी वळून पाहिलं. ती घाबरून माझ्या हाताकडे बघत होती. "बाई, शिवलात मला. आता आंघूळ पडंल तुमास्नी, ह्या थंडीत."

"पडू दे," मी म्हटलं. "चला. कुंकू असू दे तसंच."

काकूंनी देवीपुढच्या पायरीवर पाट मांडला होता. हळदीकुंकवाची कोयरी, एक जुनाच पण धुतलेला खण, आणि शेजारी जोंधळ्यांचं भरलेलं सूप. मी तिला पायरीपर्यंत सोडलं आणि खांबाआड झाले. अशा वेळी मी समोर असणं बरं नव्हे.

कारकून उठून आले. "बाईसाहेब, हे काय? कोठीतून?"

"कोठी कुणाची आहे?"

"आपलीच. पण नियम—"

"नियम शिध्याचा आहे ना? मी शिधा देत नाही. देवीच्या दारी सवाष्ण आली, तिची ओटी भरते आहे. त्याचाही नियम केला आहे का मालकांनी? मग मला आधी सांगायला हवं होतं, लग्न ठरताना."

कारकून परत जाऊन बसले.

काकूंनी तिला हळदकुंकू लावलं आणि ओंजळीनं जोंधळे तिच्या ओटीत घालू लागल्या. रीत पाच ओंजळींची. "एक," त्या म्हणाल्या. "दोन. तीन." मग थांबून कुणाला तरी हाक मारली, "अगं, तेलाचा बुधला झाकला का?" आणि पुन्हा वळून, "किती झाल्या गं?"

"तीन जी," ती म्हणाली.

"तीन कुठल्या? तू मोजत नव्हतीस. पहिल्यापासून घालते. ओटी चुकलेली चांगली नाही." आणि पुन्हा एक, दोन, तीन. मग पुन्हा खोकला आला, पुन्हा मोजणी चुकली. सूप रिकामं होईपर्यंत काकूंना काही पाचापर्यंत पोचता आलं नाही. ओटी एवढी जड झाली की तिला उठताना हात द्यावा लागला. ती पाया पडायला वाकली तर काकू म्हणाल्या, "राहू दे, सांडशील."

खांबाआडून मला तिचं कपाळ दिसत होतं. जुन्या कुंकवावर काकूंनी नवं लावलं होतं आणि ते जरा वाकडं बसलं होतं.

त्यानंतर दर शुक्रवारी पाट मांडला जाऊ लागला. स्वारीवर गेलेल्यांच्या घरच्या आणखी तिघी-चौघी आल्या. काकूंची मोजणी दर वेळी चुकत राहिली, आणि कारकून त्या वेळात हमखास पाणी प्यायला जात. वारज्याच्या बाईच्या कपाळाच्या कडा बऱ्या झाल्या. हौदावर आता ती मला रानातल्या गोष्टी सांगे, धाकट्याच्या खोड्या सांगे. तो प्रश्न मात्र ती विचारीनाशी झाली होती. मला वाटलं, विसरली.

शिमग्याच्या थोडं आधी एका शुक्रवारी ती आली नाही. सोमवारी आली. रांगेत उभी होती, विधवांच्या. कपाळ मोकळं, हातही मोकळे.

कारकुनांनी तिला पाहिलं. ती म्हणाली, "खडकवासल्याचा गडी आला स्वारीवरनं. त्यांच्यासंगंच हुता. हिवतापानं गेले म्हनं. सरावनातच."

कारकुनांनी हातानंच पुढे जा म्हणून खुणावलं. मग काकूंकडे येऊन हळूच म्हणाले, "श्रावणात म्हणजे... बाईसाहेब, ती तेव्हापासूनच... आणि आपण तिची ओटी..."

आम्ही सगळ्या थांबलो. हे असं झालं होतं, आणि त्याला काय म्हणायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. काकूंचा चेहरा पांढरा पडला. त्यांचा हात आपल्याच मंगळसूत्राकडे गेला. मग त्यांनी तो खाली घेतला.

"भरली," काकू म्हणाल्या. "इतके शुक्रवार भरली. आता काय, परत मागायची? पोरांनी भाकऱ्या करून खाल्ल्या त्याच्या." आणि माझ्या हातातलं सूप घेऊन त्या स्वतः खाली उतरल्या आणि तिच्या पदरात जोंधळे घातले. तोंडानं मोजलं नाही. सूप रिकामं झालं तेव्हा म्हणाल्या, "रोज वारज्याहून येणं होत असेल तर निवडायला बस. तुझ्या पदरात वेगळं घालीन."

दुपारी ती माझ्या शेजारी येऊन बसली. गावाकडच्या बायका पाखडतात तशी ती मोठ्या हेलकाव्यानं पाखडे, कोंडा पार अंगणात जाई. पहिलं सूप पाखडून झाल्यावर म्हणाली, "बाई, मी जे पावसाळ्यात गेले म्हनले, तेच झालं वो. माज्याच तोंडातनं निगालं हुतं."

विसरली नव्हती.

आता मला गप्प राहता येईना. मी सूप खाली ठेवलं. "तुम्ही रांगेत पहिल्यांदा कधी आलात?"

"मार्गसिरात."

"आणि ते कधी गेले?"

"सरावनात."

"श्रावण आधी येतो," मी म्हटलं. "तुम्ही म्हणालात त्याच्या आधीच ते गेलेले होते. बोललेलं पुढे जात असेल तर जाईल, मागे कसं जाईल? तुमच्या पुसण्यानं नाही गेले ते. तुमच्या बोलण्यानंही नाही."

ती बोटांवर महिने मोजू लागली. श्रावण, भादवा, आश्विन, कार्तिक. पुन्हा मोजले. मग पदर तोंडाला लावून रडली, मोठ्यानं, मोकळं. मार्गशीर्षापासून मी तिचं रडणं पाहत होते, पण असं नव्हतं. निवडणाऱ्या बायका माना खाली घालून निवडत राहिल्या. काकूंनी कुणाला तरी सांगून पाणी पाठवलं.

रडून झाल्यावर तिनं तोंड धुतलं आणि पुन्हा सूप घेतलं. ऊन ओवरीतून बाहेर सरकलं होतं. काही वेळानं तिनं विचारलं, "तुमचे धनी कंदी गेले, बाई?"

मला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊकच होतं. मला सांगता येईल की नाही असं वाटलं, पण सांगत गेले. मी नऊ वर्षांची होते. ते बारा-तेरा वर्षांचे असतील. त्यांचा चेहरा मला आता नीट आठवत नाही. आम्ही मागीलदारी चिंचोक्यांनी खेळायचो आणि ते माझे चिंचोके चोरायचे, मी रडले की परत द्यायचे, त्यातही एक-दोन ठेवून घ्यायचे. एके दिवशी त्यांना ताप आला. सासूबाई म्हणाल्या, हिचा पायगुण.

तिनं पाखडता पाखडता ऐकलं. कोंडा फुंकून टाकला.

"नऊ वर्साची पोर," ती म्हणाली. "तिच्यानं कुनाचं काय व्हनार हाय? उगं म्हनत्यात." आणि माझ्या सुपात डोकावून म्हणाली, "द्या हिकडं. तुमच्यात खडं लई ऱ्हात्यात."

मी सूप तिच्याकडे सरकवलं. माझे डोळे भरले होते, खडे मला दिसतच नव्हते.